विकायच्या घरावर खर्च किती करावा?

अमळनेरात जुनं घर बघायला आलेला माणूस दारातून आत शिरला की आधी मान वर करतो. भिंतींचा रंग, फरशी, स्वयंपाकघरातला ओटा हे सगळं नंतर. पहिली नजर छतावर जाते. कुठे पिवळट डाग आहे का, गिलाव्याचे पोपडे सुटलेत का, स्लॅबची सळई उघडी पडलीय का? मग प्रश्न येतो पाण्याचा. नळ किती दिवसांनी येतो, बोअर असेल तर ती मे महिन्यात टिकते का? आणि तिसरा प्रश्न कागदांचा. उतारा नेमका कोणाच्या नावावर आहे? या तिन्हींची सरळ उत्तरं ज्याच्याकडे आहेत त्याच्या घराचा व्यवहार अडत नाही. ज्याच्याकडे नाहीत त्याला पुष्कळदा असं वाटतं की एकदा झकास रंग मारून घेतला म्हणजे भागेल. तिथेच पैसे चुकीच्या जागी जायला लागतात.

विक्रीआधी घर सजवून दाखवण्याचा धंदा अमेरिकेत चांगला रुळलेला आहे. त्याला तिकडे होम स्टेजिंग म्हणतात, आणि त्याची सुरुवात केल्याचं श्रेय सिएटल परिसरातल्या बार्ब श्वार्ट्‌झ यांना दिलं जातं. त्यांनी १९७२ पासून घरं अशी सजवून विकायला सुरुवात केली. घरमालकाचे फोटो, देव्हारे, जास्तीचं सामान हलवायचं, भिंती फिक्या रंगाने रंगवायच्या, भाड्याचे सोफे आणि दिवे मांडायचे. बघणाऱ्याला तिथे आपला संसार दिसला पाहिजे, एवढाच हेतू. तिथल्या दलालांची मोठी संघटना, नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स, या प्रकाराची वेळोवेळी पाहणी करते. २०२३ च्या पाहणीत सजावट करणाऱ्या व्यावसायिकाला दिलेली मध्यक रक्कम ६०० डॉलर निघाली. खरेदीदारांच्या बाजूने काम करणाऱ्या ८१ टक्के दलालांनी सांगितलं की सजवलेल्या घरात गिऱ्हाइकाला आपलं भावी घर डोळ्यांसमोर आणणं सोपं जातं. ही आकडेवारी दलालांच्या मतांची आहे, हे लक्षात ठेवूनच ती वाचायला हवी.

दलालांच्या मतापेक्षा वेगळी कसोटी लावणारा एक अभ्यास २०१५ मध्ये ‘जर्नल ऑफ हाउसिंग रिसर्च’मध्ये आला. मार्क लेन, मायकेल सीलर आणि व्हिकी सीलर यांनी एकच घर संगणकावर वेगवेगळ्या रूपांत लोकांना दाखवलं. कधी भिंती भडक, कधी फिक्या. कधी उत्तम फर्निचर, कधी बेताचं, कधी घर रिकामं. सजवलेलं घर लोकांना राहायला बरं वाटलं, आवडलंही. पण त्यासाठी किती पैसे द्याल असं विचारल्यावर आकडा काही हलला नाही.

विक्रीला घर काढणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं असं हे निरीक्षण आहे. सजावटीने घर आवडतं, किंमत वाढतेच असं नाही. मग सजावटीचा पैसा वाया जातो का? तसंही नाही. त्याचा फायदा कुठे होतो, ते अमळनेरच्या हिशोबात बघू.

अमळनेर हे बोरी नदीकाठचं, २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ९६ हजार वस्तीचं गाव. १९०६ मध्ये प्रताप शेठांनी इथे कापड गिरणी काढली, १९४५ मध्ये मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजींनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला आणि त्याचीच पुढे विप्रो झाली. त्या कंपनीचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून ठेवणारं गाव म्हणून अमळनेरची देशभर ख्याती आहे. घरांबाबतही इथला माणूस तसाच, सहजासहजी हात न सोडणारा. पण सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाने तरुण पिढी सुरतेला गेली, शिकलेली पुण्या-नाशकाला गेली. आई-वडील थकले की मुलं त्यांना आपल्याकडे नेतात, घराला कुलूप लागतं आणि दोन-चार पावसाळ्यांनंतर विकण्याचा विषय निघतो. घर घेणारे बहुतेक आसपासच्या खेड्यांतले: मुलांच्या शाळा-कॉलेजासाठी तालुक्याला येणारे शेतकरी, शिक्षक, दुकानदार. ज्याने स्वतःच्या शेतात विहीर खणली आहे आणि घर उभं केलं आहे, असा माणूस पडदे बघून भाव ठरवत नाही.

समजा, एखाद्या कॉलनीत आठशे चौरस फुटांचं, स्लॅबचं, पंचवीस-तीस वर्षांचं घर आहे आणि अपेक्षा तीस लाखांची आहे. हे पैसे मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला १ लाख ९५ हजार, म्हणजे महिन्याला सव्वासोळा हजार व्याज आलं असतं. घर विकलं न जाता पडून राहिलं की दर महिन्याला एवढं नुकसान. शिवाय घरपट्टी, पाणीपट्टी, विजेचा किमान आकार आणि राखणीला कोणी ठेवला असेल तर त्याचे पैसे. थोडक्या खर्चाने घर तीन महिने आधी विकलं गेलं तर जवळजवळ पन्नास हजार वाचतात. विक्रीआधीच्या खर्चाची खरी मिळकत ही आहे. म्हणून तो खर्चही या रकमेच्या आसपासच राहिला पाहिजे.

आता खर्चाचे आकडे. रंगाचा अंदाज बांधताना कारागीर ढोबळ हिशोब धरतात तो असा की चटई क्षेत्राच्या साधारण तिप्पट भिंती आणि छत. आठशे फुटी घरात २४०० चौरस फूट रंगकाम निघतं. जिथे फुटलंय तिथे लांबी भरून साधं इमल्शन मारायचं तर मालमजुरीसह फुटाला १४ ते १८ रुपये धरावेत. म्हणजे ३४ ते ४३ हजार. डिस्टेंपरवर भागवलं तर वीस-बावीस हजारांत काम होतं, आणि विकायच्या घराला ते पुरतंही. खर्चिक, चकचकीत रंग मारण्यात अर्थ नाही, कारण नवा मालक राहायला येण्याआधी बहुतेक वेळा आपल्या आवडीचा रंग देतोच. गळके नळ, संडासाची टाकी, सैल बोर्ड, बंद दिवे या कामांना प्लंबर आणि वायरमन मिळून पाच-सात हजार घेतील. बंद घरातलं भंगार, जुन्या गाद्या, माळ्यावरचे डबे हलवायला मजूर लावले तर दोन-तीन हजार, आणि त्यातले थोडे भंगारवाल्याकडून परतही येतात. घर रिकामं आणि झाडून-पुसून लख्ख असलं की खोल्या मोठ्या दिसतात. सगळ्यात स्वस्तात मिळणारा फायदा हाच.

उरली गच्ची. त्यावर हात आखडू नये. भेगा भरून आठशे फुटांवर चांगल्या केमिकलचा हात मारायचा तर फुटाला तीस-चाळीस रुपयांनी २४ ते ३२ हजार लागतात. वरून पांढरा थर असला तर त्याचा आणखी एक उपयोग, घर कमी तापतं. जळगाव जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. दुपारी घर बघायला आलेल्या माणसाला पंख्याखाली दहा मिनिटं बसवलं तर गच्ची तापलेली आहे की नाही हे त्याला आपोआप कळतं.

हे सगळं मिळून पन्नास ते पंच्याऐंशी हजारांत बसतं, म्हणजे तीस लाखांच्या साधारण पावणेदोन ते पावणेतीन टक्के. याच्या पुढे गेलं की पैसे परत येण्याची खात्री कमी होत जाते. नवीन सोफा, फॉल्स सीलिंग, मॉड्युलर किचन यांचे दीड-दोन लाख विक्रीच्या भावात वसूल होतील असं मानणं धोक्याचं आहे. याला बँकेचीही बाजू आहे. खरेदीदार कर्ज काढणार असेल तर बँकेचा मूल्यांकनकर्ता येतो. तो जागेचा दर, बांधकामाचं वय, मंजूर नकाशा, आजूबाजूचे व्यवहार बघतो. पडदे आणि सोफा त्याच्या अहवालात नसतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला मालमत्तेच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के आणि त्यावर ७५ लाखांपर्यंत ८० टक्के कर्ज देता येतं. ही टक्केवारी बँकेने मानलेल्या किमतीवर असते. सजावट बघून मालकाने दोन लाख वाढवले तर ते दोन लाख खरेदीदाराला स्वतःच्या खिशातून घालावे लागतात. मुद्रांक शुल्क आणि किमतीच्या १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार नोंदणी फी यांची तजवीजही त्यालाच करायची असते. इतकी ओढाताण झालेला माणूस शेवटच्या बैठकीत भाव पाडतो किंवा उठून जातो.

रंगाचा दुसरा वापर मात्र सरळ फसवणुकीचा आहे. पावसाळा संपला की भिंत खरवडायची, ओलीवर पुट्टी ओढायची, दोन हात रंग मारायचा आणि दिवाळीनंतर घर दाखवायचं. आत पाणी मुरतंच असतं. पुढच्या श्रावणात नव्या मालकाच्या भिंतीवर तोच डाग उमटतो. यावर कायदा स्पष्ट आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५ व्या कलमाप्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साधारण काळजीने बघूनही न सापडणारा मोठा दोष सांगणं विकणाऱ्याला बंधनकारक आहे. मालमत्तेतला दोष आणि मालकीतला दोष, दोन्ही. असं न सांगणं हे त्याच कलमात फसवणूक मानलं आहे. उघड्या भिंतीवरचा डाग गिऱ्हाइकाला दिसतो, तो त्याचं बघून घेतो. तोच डाग रंगाखाली झाकला की जबाबदारी झाकणाऱ्यावर येते. गळती दुरुस्त केली असेल तर कधी, कोणाकडून आणि किती खर्चाने, त्याची पावती दाखवावी. खेड्यातून आलेला खरेदीदार अशा पावतीवर नव्या रंगापेक्षा जास्त विश्वास ठेवतो. आणि घेणाऱ्यानेही शक्य असेल तर घर एकदा भर पावसाळ्यात बघून घ्यावं. माळ्यावर, न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला आणि कपाटांमागे हात लावून बघावं.

पण अमळनेरसारख्या गावात घर विक्रीला तयार करण्याचा सगळ्यात मोठा भाग झाडू-कुंच्याचा नसतो. तो तलाठी कार्यालय, नगर भूमापन कार्यालय आणि नगरपरिषद या फेऱ्यांचा असतो. आजोबांच्या नावावर घर, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, मुलांनी वारस लावलेलेच नाहीत, असं नेहमी आढळतं. मिळकत पत्रिकेवर एक नाव, घरपट्टीच्या पावतीवर दुसरं, वीजबिलावर तिसरं. ज्या जुन्या कॉलन्या शेतजमिनीवर उभ्या राहिल्या तिथे बिगरशेती आदेश आणि मंजूर रेखांकन शोधावं लागतं. वाढवलेली मागची खोली नकाशात नसते. फेडलेल्या कर्जाचा बोजा उताऱ्यावरून उतरवायचा राहिलेला असतो. सोसायटी किंवा बँकेचा दाखला देऊन तो कमी करून घेणं हे साधं काम, पण ते नेमकं सौदा ठरल्यावर आठवतं.

यात बहिणींचा विषय सगळ्यात नाजूक. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. तो हक्क मिळण्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा खटल्यात सांगितलं. तरीही भाऊ आपापसांत घर विकायचं ठरवतात आणि बहिणीला सहीसाठी शेवटच्या दिवशी निरोप पाठवतात. तिचा वाटा आहे, तो तिला मिळाला पाहिजे किंवा तिने राजीखुशीने हक्कसोडपत्र नोंदवून दिलं पाहिजे. हे बोलणं घराला रंग लावण्याआधी व्हायला हवं. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल, वारसनोंद, नगरपरिषदेचा थकबाकी नसल्याचा दाखला ही फाईल आधीच तयार असली तर बाहेरगावच्या खरेदीदाराचं अर्धं काम झालेलं असतं. या फाईलला रंगकामापेक्षा कमी खर्च येतो. वेळ मात्र महिन्यांचा लागतो.

इसार घेताना घाई होते म्हणून एक गोष्ट इथेच सांगायला हवी. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. इसारपावती साध्या कागदावर आणि पैसे पिशवीत, ही पद्धत विकणाऱ्याला महागात पडू शकते.

आयकराचा भागही समजून घ्यावा. विक्रीच्या नफ्यावर कर लागताना दलाली, वकिलाची फी यांसारखा थेट विक्रीसाठी झालेला खर्च वजा मिळतो. वाढवलेली खोली किंवा नवीन स्लॅब हा सुधारणेचा खर्च म्हणून धरता येतो. नुसती रंगरंगोटी आणि किरकोळ डागडुजी या सहसा देखभालीत मोडतात, त्यांची वजावट गृहीत धरू नये. वडिलोपार्जित घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या तारखेचं बाजारमूल्य मूळ किंमत म्हणून घेता येतं. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकर्त्याचा अहवाल काढून ठेवणं शहाणपणाचं. त्या अहवालाचे काही हजार रुपये रंगाच्या दुसऱ्या हातापेक्षा नक्कीच जास्त परत देतात.

हेच अमळनेरकर पुण्यात किंवा नाशकात मुलासाठी फ्लॅट बघायला जातात तेव्हा सजावटीच्या दुसऱ्या टोकाला उभे असतात. तिथे बिल्डर सॅम्पल फ्लॅट दाखवतो. पलंग आखूड करून घेतलेले, दरवाजे काढून टाकलेले, भिंतभर आरसे, सगळे दिवे चालू. खोली आहे त्याहून ऐसपैस वाटते. तिथे टेप सोबत न्यावी आणि मापं घ्यावीत. २०१६ च्या रेरा कायद्याचं १२ वं कलम याच बाबतीत ग्राहकाच्या बाजूने उभं आहे. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर बिल्डरने भरपाई द्यायची, आणि ग्राहकाला बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत करायची. म्हणून सॅम्पल फ्लॅटचे फोटो आणि माहितीपत्रक ताबा मिळेपर्यंत जपून ठेवावं. जुन्या घराच्या खाजगी विक्रीला हा कायदा लागत नाही, तिथे आधी सांगितलेलं ५५ वं कलमच कामाला येतं.

घर दाखवायचा हंगामही खर्च ठरवतो. खान्देशात दिवाळीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरं झाडली, सारवली, रंगवली जातात. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात म्हणून घराची विशेष निगा होते. रंगकाम या दोन सणांच्या निमित्ताने होणारच असेल तर विक्रीचा बेत त्याला जोडून घ्यावा. गुढीपाडवा, आखाजी, दसरा हे खरेदीचे मुहूर्त. पितृपंधरवड्यात आणि अधिक महिन्यात बोलणी पुढे सरकत नाहीत. आखाजीला माहेरी आलेल्या बहिणींबरोबर वाटणीचं बोलणंही समोरासमोर बसून होऊ शकतं.

शेवटी जुन्या गावठाणातली धाब्याची घरं. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, वर मातीचा जाड थर आणि त्यावर खारी माती, जिच्यात गवत उगवत नाही आणि पाणी चटकन मुरत नाही. दर पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती घालायची, पन्हळी साफ करायच्या. उन्हाळ्यात या घराइतकं थंड घर नाही, पण माती घालणारी माणसं कमी झाली आणि बंद घराचं धाबं दोन पावसाळ्यांत बसायला लागतं. असं घर घेणारा बहुधा जागा घेत असतो. पाडून नवं बांधायचं त्याच्या मनात असतं. त्या घराला रंग, लांबी, फरशी यांवर एक रुपयाही घालू नये. त्याऐवजी जागेची मोजणी करून हद्दी कायम करून घ्याव्यात आणि लाकूड मोजावं. जुन्या सागाला, कोरीव चौकटींना आणि दाराला वेगळं गिऱ्हाईक असतं, त्यांची किंमत कधीकधी मालकाच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त निघते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ८ व्या कलमाप्रमाणे घर विकलं की त्याची कुलपं, किल्ल्या, दारं, खिडक्या आणि कायमच्या वापरासाठी बसवलेल्या सगळ्या वस्तू घराबरोबरच जातात, जोपर्यंत वेगळं काही ठरलेलं नसेल. आजोबांनी करून घेतलेलं दार पुण्याच्या फ्लॅटला लावायचं असेल, तर तसं इसारपावतीत आणि खरेदीखतात दोन्हीकडे लिहून घ्यावं लागतं.